गुढी कुणी उभारायची?

होळीची राख थंड होते न होते तोच यवतमाळ जिल्ह्यातल्या बाजारांचा रंग बदलतो. पुसद असो, वणी असो की दारव्हा, आठवडी बाजारात बांबूच्या काठ्या उभ्या राहतात, दुकानांच्या दारात पांढऱ्या-गुलाबी गाठ्यांच्या माळा लटकतात. वावरातली पऱ्हाटी उपटून झालेली असते. पळस फुलून गेलेला असतो, कडुलिंबाला कोवळी तांबूस पालवी आलेली असते. घराघरांत तांब्या चिंचेनं घासला जातो, ठेवणीतली साडी बाहेर निघते आणि पाडव्याच्या सकाळी दारात गुढी उभी राहते.

मैत्रिणींनो, ही गुढी नेमकी कुणी उभारायची?

प्रश्न साधा वाटतो आणि बहुतेक घरांत त्याचं उत्तरही ठरलेलं असतं. काठी घरचा कर्ता पुरुष उभी करतो, हळद-कुंकू सवासीण लावते. पण ज्या घरात कर्ता पुरुषच उरलेला नाही, तिथं काय? तिथं आठ-दहा वर्षांच्या मुलाचा हात काठीला लावला जातो. मुलगा नसेल तर दिराला किंवा पुतण्याला बोलावणं जातं. आणि जिनं पहाटे उठून अंगण सारवलं, डाळ शिजवली, पुरण वाटलं, ती बाई स्वयंपाकघराच्या दारातून बघत उभी असते. पुढं येऊ नको, असं तिला कुणी मोठ्यानं सांगत नाही. सांगावं लागतच नाही. ‘माझ्या हातानं नको गं बाई, वर्षाचा सण आहे,’ असं तीच म्हणते.

आपल्या जिल्ह्यात अशी घरं शोधायला लांब जावं लागत नाही. शेतकरी आत्महत्यांची नोंद प्रशासन २००१ पासून ठेवत आलं आहे आणि एकट्या यवतमाळचा आकडा काही हजारांत गेला आहे. त्यातल्या कितीतरी घरांत मागे एक बाई राहिली. वावर तिनं सांभाळलं, लेकरं तिनं शिकवली, सावकाराला आणि बँकेला तोंड तिनं दिलं. आजारानं, अपघातानं, दारूनं नवरा गेलेल्या बायका त्याशिवाय वेगळ्याच. म्हणजे वर्षभर घराचा आणि शेताचा गाडा ओढायला तिचा हात चालतो, फक्त वर्षाच्या पहिल्या दिवशी काठीला तो हात चालत नाही! हे सणाच्या अर्थात बसतं का, ते एकदा नीट तपासून पाहायला हवं.

काठी, तांब्या आणि साडी

महाभारताच्या आदिपर्वात उपरिचर वसू राजाची गोष्ट आहे. चेदी देशाच्या या राजाला इंद्रानं वेळूची काठी दिली. राजानं ती जमिनीत रोवली, वस्त्रानं, माळांनी आणि गंधानं सजवली आणि तिच्या रूपानं इंद्राची पूजा केली. गुढीचं मूळ या कथेशी जोडलं जातं. इंद्र हा पावसाचा देव. चैत्रात तापलेल्या जमिनीत काठी रोवून पावसाच्या देवाची पूजा करायची, म्हणजे येणाऱ्या हंगामासाठी हात जोडायचे. कोरडवाहू कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये.

दुसरी श्रद्धा अशी, की याच दिवशी ब्रह्मदेवानं सृष्टी निर्माण केली. म्हणून गुढीला ब्रह्मध्वजही म्हणतात. राम वनवास संपवून अयोध्येला परतला त्याचाही आनंद या दिवसाला जोडला जातो. तिन्ही कथांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. जे सुकलं होतं, थांबलं होतं, दूर गेलं होतं, ते पुन्हा सुरू होतं.

आता गुढीकडेच बघा. वेळूची काठी, तांब्या, आंब्याची आणि कडुलिंबाची डहाळी, फुलांचा हार, साखरेची गाठी. आणि वस्त्र कोणतं? गुढीला आपण धोतर नेसवत नाही, साडी नेसवतो. निऱ्या काढतो, हळद-कुंकू लावतो, हार घालतो. घराच्या दारात उंचावर जी उभी असते तिचं रूप बाईचं असतं. मग जिच्या खांद्यावर ते घर उभं आहे, त्या बाईनं तिच्या जवळ जायला भ्यावं, यात सणाचा अर्थ कुठं राहिला?

पंचांगावरचं नाव

पाडव्याला नवा शक सुरू होतो. पंचांगावर, लग्नपत्रिकेवर, पूजेच्या संकल्पात आपण ‘शालिवाहन शके’ म्हणतो. शालिवाहनानं मातीचे शिपाई केले, त्यांच्यावर पाणी शिंपडलं, ते जिवंत झाले आणि त्यांनी शत्रूचा पराभव केला, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकलेली आहे. पण हा शालिवाहन कुणाचा मुलगा होता, ते सहसा सांगितलं जात नाही.

जिनप्रभसूरी या जैन आचार्यांनी चौदाव्या शतकात ‘विविधतीर्थकल्प’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात प्रतिष्ठानची, म्हणजे आपल्या पैठणची, कथा आली आहे. दोन भाऊ आपल्या विधवा बहिणीला घेऊन पैठणला आले आणि एका कुंभाराच्या घरी राहिले. गोदावरीवर पाण्याला गेलेल्या त्या बहिणीला नागराज शेषापासून दिवस गेले. भाऊ तिला तिथंच सोडून निघून गेले. तिला मुलगा झाला. कुंभाराच्या घरी मातीचे हत्ती-घोडे करून खेळत तो वाढला, आणि पुढे राजा झाला. तोच सातवाहन, लोकांच्या तोंडचा शालिवाहन.

ही आख्यायिका आहे. इसवी सन ७८ मध्ये सुरू झालेल्या या शकाचा इतिहास अभ्यासक वेगळ्या रीतीनं मांडतात. पण परंपरा म्हणून आपण ज्या गोष्टी सांगतो, त्यातलीच ही एक. आणि ती काय सांगते? आपण ज्याच्या नावानं वर्ष मोजतो, तो एका विधवेचा मुलगा होता. भावांनी टाकलेल्या, परक्याच्या घरात आसरा घेतलेल्या बाईनं त्याला वाढवलं. आज लग्नपत्रिकेच्या वरच्या ओळीत ‘शालिवाहन शके’ छापतात आणि खाली कुणाच्या तरी नावामागे ‘गं. भा.’ लावतात. ती बाई मात्र मांडवात मागच्या खुर्चीवर बसलेली असते.

या ‘गं. भा.’चा विषय एप्रिल २०२३ मध्ये मंत्रालयातही गाजला. विधवा शब्दाऐवजी ‘गंगा भागीरथी’ असा उल्लेख करावा, यावर विचार करण्याची सूचना तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी केली, आणि राज्यभर टीका झाली. टीका करणाऱ्यांचं म्हणणं सरळ होतं. नावामागचं बिरूद बदलल्यानं काय होणार? सौभाग्य गेलं हे आल्या-गेल्याला आधी कळावं, यासाठीच ते लावायचं ना? पुरुषाच्या नावामागं त्याची बायको गेली, हे सांगणारं कोणतंही अक्षर लागत नाही.

पहिला घास कडूच असतो

‘दुःखातल्या माणसानं सणात कसं यायचं?’ असं काहीजणी विचारतात. त्याचं उत्तर पाडव्याच्या प्रसादातच आहे. दिवाळीला पहिला घास गोड असतो, पाडव्याला कडुलिंबाचा. कोवळी पानं, गूळ, ओवा, जिरं, हिंग, भिजलेली डाळ असं सगळं एकत्र वाटून ते आधी तोंडात घालायचं आणि मग पुरणपोळी. वैद्यकीच्या अंगानं त्याचे गुण सांगितले जातातच. पण वर्षाच्या आरंभी कडू आणि गोड एकाच घासात घ्यायचं, हा त्यातला मोठा अर्थ आहे. कडू चाखलेल्या माणसाला हा सण बाहेर ठेवत नाही. बाहेर ठेवतो तो आपण.

यवतमाळला हे फार जवळून लागू पडतं. १९ मार्च १९८६ रोजी महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे, त्यांची पत्नी मालती आणि चार लेकरं यांचा शेवट वर्धा जिल्ह्यात पवनारजवळच्या दत्तपूरला झाला. शेतीच्या संकटापायी एक अख्खं कुटुंब संपलं. महाराष्ट्रातली पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या म्हणून तिची आठवण ठेवली जाते. २०१७ पासून किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून १९ मार्चला अनेक गावांत एक दिवसाचा अन्नत्याग केला जातो. आणि २०२६ सालचा पाडवा नेमका १९ मार्चचा. चाळीस वर्षांपूर्वीचं ते दुःख आणि नव्या शकाची गुढी एकाच तारखेवर!

त्या दिवशी काय करायचं, उपास की पुरण? ज्यानं त्यानं ठरवावं. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या घटनेबद्दल बोलताना आपण साहेबरावांचं नाव घेतो, मालतीबाईंचं क्वचितच घेतो. संकट घरावर येतं तेव्हा ते बाईवरही तेवढंच येतं. आणि नवरा एकटा गेला तर त्यानंतरची दहा-वीस-तीस वर्षं ती एकटी ते झेलते. तिला सणातून वजा करून आपण तिच्या कडू घासातला गूळच काढून घेतो.

मान आणि सातबारा

‘गुढीला हात लावला काय, न लावला काय, पोटाचा प्रश्न मोठा,’ असंही म्हटलं जातं. वरवर बरोबर वाटतं. पण मान आणि पोट हे आपल्या गावात वेगळे नसतात.

पाडवा हा आपल्याकडे शेतीच्या व्यवहाराचा पहिला दिवस. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं. मक्त्याबटईची बोलणी याच सुमाराला होतात. पाठोपाठ ३१ मार्च येतो आणि पीककर्जाच्या भरण्याचा तगादा लागतो. पंचांगाचं नवं वर्ष आणि बँकेचं नवं वर्ष असे आगेमागेच उभे असतात. अशा दिवशी दारात गुढी कुणी उभारली, हे सगळं गाव बघतं. या घराचा कारभार यंदा कुणाच्या हाती, याची ती जाहीर दवंडीच असते. ज्या बाईला स्वतःच्या दारातली गुढी उभारता येत नाही, तिच्याशी सालाची बोलणी कोण करणार? ती बोलणी दीर करतो, सासरा करतो, आणि पैशाचा हिशोबही मग त्यांच्याकडेच जातो.

हळदी-कुंकवाचं तसंच. चैत्रगौरीचं पन्हं आणि आंब्याची डाळ खायला जिला बोलावणं नाही, ती नुसत्या पन्ह्याला मुकत नाही. चार बायका जमल्या की कोणत्या बचत गटाचं कर्ज निघालं, कुठला अर्ज कधी भरायचा, तलाठी कोणत्या वारी येतो, हे सगळं बोलणं होतं. ते तिच्यापर्यंत पोचत नाही. अपशकुनाच्या नावाखाली तिची माहितीची वाटच बंद होते.

आणि ही माहिती तिला सगळ्यात जास्त लागते. नवरा गेल्यावर वारस नोंद करायची असते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई हे पहिल्या वर्गाचे वारस आहेत. म्हणजे बायकोचा हक्क कुणी उपकार म्हणून द्यायचा नाही, तो कायद्यानं आहेच. तरीही जमीन सासऱ्याच्या नावावर, ‘पुढं बघू’ म्हणून वाटणी लांबलेली, किंवा दुःखाच्या दिवसांत हक्कसोडपत्रावर अंगठा घेतलेला, असे प्रकार होतात. सातबाऱ्यावर नाव नाही, तर पीककर्ज मिळायला अडचण, पीएम किसानच्या हप्त्याला अडचण. सीसीआयच्या केंद्रावर कापूस हमीभावानं घालायचा तर पीकपेऱ्याची नोंद असलेला सातबारा लागतो. तो दिराच्या नावावर असेल तर तिनं वेचलेल्या कापसाचे पैसे दिराच्या खात्यात!

सरकारी मदतीचंही असंच. २००६ च्या शासन निर्णयानं आत्महत्याग्रस्त कुटुंबासाठी एक लाख रुपये ठरले. त्यातले ३० हजार हाती आणि ७० हजार ठेवीत. पण त्यासाठी कुटुंबाच्या नावावर जमीन आणि थकलेलं अधिकृत कर्ज असे निकष. जे त्यात बसले नाहीत ते ‘अपात्र’. सावकाराचं कर्ज, मक्त्याची शेती असलेल्या घरातल्या बाईचं दुःख कागदावर अपात्र ठरलं. महिला किसान अधिकार मंचासारख्या संघटनांनी या बायकांची बाजू लावून धरल्यावर जून २०१९ मध्ये सरकारनं जमिनीची वारस नोंद, रेशनकार्ड, निवृत्तिवेतन अशा गोष्टींत त्यांना मदत करण्याच्या सूचना काढल्या. सूचना कागदावर आल्या, पण त्या मागायला तहसीलच्या पायऱ्या चढायच्या कुणी? जिला आधी उंबऱ्याबाहेर ताठ मानेनं उभं राहता आलं, तीच चढणार.

संमेलनाला चालतं, मग दारात का नाही?

या जिल्ह्यातल्या बायकांना बाहेरच्या जगानं मान दिला नाही, असं नाही. जुलै २००८ मध्ये जळका गावच्या कलावतीबाई बांदूरकर यांचं नाव लोकसभेत घेतलं गेलं. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतलं गेलं, मोठा वाद झाला, आणि शेवटी कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांच्या हस्ते उद्घाटन झालं. शेतकऱ्याची विधवा, कष्टकरी बाई. त्यांनी व्यासपीठावरून आपल्यासारख्यांचं जगणं मांडलं आणि सभागृहानं ते ऐकलं. त्याच वर्षी त्यांनी लोकसभेची निवडणूकही लढवली.

सरस्वतीच्या उत्सवाचं उद्घाटन ज्या हातानं झालं, तसा हात आपल्या गल्लीतल्या गुढीला लागला तर काय बिघडणार आहे? टीव्हीवर बघून टाळ्या वाजवणं सोपं असतं. शेजारणीला ‘चल, तू लाव कुंकू’ म्हणणं अवघड जातं, कारण तिथं आपल्या सासूबाई बघत असतात, आपल्या मनातली भीतीही बघत असते. ‘नेमकं माझ्याच घरात काही झालं तर?’ ही ती भीती. पण नवरा जातो तो कर्जानं, आजारानं, रस्त्यावरच्या धडकेनं. कुणी कुंकवाचं बोट लावल्यानं आजवर कुणाचा नवरा गेलेला नाही.

ठरावानंतरचं काम

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनीही हे अनुकरण करावं, असं परिपत्रक काढलं. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ चा. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते अशाच फसवल्या गेलेल्या विधवांसाठी. म्हणजे दीडशे वर्षांहून जुन्या लढ्यासाठी २०२२ मध्येही ग्रामसभेला ठराव करावा लागला!

ठराव महत्त्वाचा आहेच. तो झाला की अडवणाऱ्याला चारचौघांत बोलताना विचार करावा लागतो. पण ठराव पंचायतीच्या दप्तरात राहतो आणि प्रथा स्वयंपाकघरात. ती तिथं बदलायची असेल तर ते काम आपलं, बायकांचंच. कारण खरं सांगायचं तर हळदी-कुंकवाच्या ताटातून नाव वगळणारे हात पुरुषांचे नसतात.

त्यासाठी फार मोठं काही करायला नको. आपल्या घरात एकटी राहिलेली जाऊ, नणंद, सासू, सून असेल तर पाडव्याला काठीवर तांब्या तिनं ठेवावा. तिनं नाही म्हटलं तर बळजबरी नको, पण पुढच्या वर्षी पुन्हा विचारावं. वर्षानुवर्षं मनात बसलेलं एका सकाळी निघत नाही. चैत्रातल्या हळदी-कुंकवाचं बोलावणं करताना घरं वगळू नयेत. कुंकू नको असेल तिला हळद, फूल, पन्हं द्यावं, पण बोलवावं. तिच्या घरचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, हे मैत्रिणीच्या नात्यानं विचारावं आणि तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यायला तिच्यासोबत जावं. कोणत्याही कागदावर सही-अंगठा करण्याआधी तो वाचून घ्यायला सांगावं. ती गप्प गप्प राहत असेल, जगणं नको म्हणत असेल, तर एकटं सोडू नये. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आणि पाडव्यानंतर सव्वा महिन्याच्या आसपास १ मे येतो. त्या दिवशी ग्रामसभा असते. ग्रामसभेआधी बायकांची वेगळी महिला सभा घ्यावी, असं कायदाच सांगतो. पुष्कळ गावांत ती रजिस्टरवरच होते. यंदा ती खरोखर भरवायला लावा. हेरवाडसारखा ठराव आपल्या गावानं केला आहे का, ते विचारा. नसेल तर मांडा. सोबत दुसरा ठरावही मांडा, की गावातल्या एकट्या बायकांच्या वारस नोंदी किती बाकी आहेत, त्याची यादी तलाठ्यानं पुढच्या सभेत वाचून दाखवावी.

हे दोन्ही ठराव एकाच सभेत यायला हवेत. कुंकवाचा मान मिळाला पण सातबाऱ्यावर नाव नाही, तर तो मान वर्षातून एका दिवसाचा. आणि जमीन मिळाली पण चारचौघींत बसायला जागा नाही, तर ती कसायला लागणारं बळ कुठून यायचं?